इशारा पोचतो, सावली पोचत नाही

वायव्येकडील तप्त कोरडा वारा आणि बंगालच्या उपसागरावरील दमट हवा यांची गाठ वैशाखात विदर्भाच्या सपाटीवर पडते. म्हणूनच दुपारी रणरणते ऊन आणि सायंकाळी गडगडाटी वळीव, हा तेथील परिपाठ. कमाल तापमान ४५ अंशांना पोचले की हवामान खाते उष्णतेची लाट जाहीर करते. २०१६ पासून ते उन्हाळ्याचा अंदाजही आधीच सांगू लागले. विजेचा इशारा 'दामिनी'मुळे भ्रमणध्वनीवर मिळतो. शास्त्राने आपले कर्तव्य केले. प्रश्न उरतो तो शासनाचा व समाजाचा. देशात दरवर्षी २,०००हून अधिक माणसे विजेने मरतात. त्यांत शेतात राबणारेच फार. ज्याची चूल दिवसाच्या मजुरीवर पेटते, त्याला 'दुपारी सावलीत बसा' हा उपदेश म्हणजे उपाशी राहण्याचा सल्ला होय! सरकारी कामे पहाटे सुरू करून दुपारपूर्वी थांबवावीत, मजुरी मात्र कापू नये; वळवात झाडाखाली थांबू नका, हे गावोगाव दवंडी पिटून सांगावे. अहमदाबादने २०१३ साली उष्णतेविरुद्ध योजना आखली, ती शहरासाठी. मग खेड्यांचे काय? पंख्याखाली बसून हवेचे अंदाज वाचणाऱ्या आम्हां नागरिकांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.