उललेले पाय, कोरडी कातडी आणि मोहाचे तेल



धानाची कापणी आटोपली, पुंजणे रचले गेले आणि रात्री शेकोटीशिवाय बसवेना, की आपल्या झाडीपट्टीत घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. पाय उलले, हाताच्या बोटांना चिरा पडल्या, पोटऱ्यांवर पांढरे भुसके आले, रात्री अंग खाजते. बायकांना हा त्रास अधिक. पावसाळ्यात रोवणीसाठी महिनाभर पाय चिखलात, मग कापणी आणि मळणी, आणि घरी आल्यावर राख-मातीने भांडी घासणे व कपड्याच्या वडीने धुणे आहेच. धानाच्या पात्याच्या कडेला बारीक दाते असतात आणि त्यात वाळूचाच अंश असतो. तणीस उचलताना हातावर जे ओरखडे उठतात ते त्यामुळेच.

आपल्या कातडीच्या वरच्या थरात निसर्गाने थोडी चरबी ठेवली आहे. आतले पाणी उडून जाऊ न देणे हे तिचे काम. हिवाळ्यात हवा कोरडी असते, ती पाणी ओढून घेते. त्यात आपण कडकडीत पाण्याने आंघोळ करतो, अंगालाही कपड्याचीच वडी लावतो, आणि मग शेकोटीपाशी पाय पसरून बसतो. या तिन्ही गोष्टींनी ती चरबी निघून जाते. तेव्हा पहिला उपाय बिनपैशाचा आहे. आंघोळीचे पाणी कोमट असावे, कपड्याची वडी कपड्यापुरतीच ठेवावी आणि शेकोटीपासून पाय हातभर दूर असावेत.

दुसरी गोष्ट तेलाची. पुष्कळ जण सांगतात, "साहेब, रोज तेल चोळतो, पण फरक नाही." विचारले तर कळते की तेल कोरड्या पायाला लावतात. तेल कातडीला पाणी देत नाही, असलेले पाणी धरून ठेवते. बांधीतच पाणी नसेल तर धुरा बांधून काय उपयोग? म्हणून आधी पाणी, मग तेल. रात्री जेवणे झाल्यावर घमेल्यात साधे पाणी घ्यावे. फार थंडी असेल तर कोमट घ्यावे, पण ते कोपराने तपासूनच. पंधरा-वीस मिनिटे पाय त्यात बुडवून ठेवावेत. टाचेची मेलेली कातडी मऊ झाली की वजरीने हलक्या हाताने घासावी. रक्त येईपर्यंत घासू नये आणि ब्लेडने तर कधीही कापू नये. मग पाय फडक्याने नुसते टिपून, ओलसर असतानाच तेल लावावे. पंधरा दिवस नेमाने केले तर टाच हाताला मऊ लागते. ज्या भेगेतून रक्त किंवा पू येतो तिच्यात मात्र तेल भरत बसू नये. ती साबण-पाण्याने धुऊन, स्वच्छ कपडा बांधून दवाखान्यात दाखवावी आणि धनुर्वाताची सुई घेतली आहे की नाही ते पाहावे. भेगेत मेणबत्तीचे मेण, चुना, एवढेच काय, सायकलची ट्यूब चिकटवायचे सोल्युशन भरणारेही मी पाहिले आहेत. ते करू नये.

आता तेल कोणते? आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाने या प्रश्नासाठी गावाबाहेर जाण्याचे कारण नाही. मोह म्हटला की बाहेरच्यांना बाटलीच आठवते, पण फुलानंतर जी फळे लागतात त्यांच्यातल्या बियांचे तेल ही आपल्या जंगलाची खरी ठेव आहे. या बीला कोणी टोळी म्हणतात, कोणी टोरी. मार्च-एप्रिलमध्ये फुले वेचून झाली की पावसाच्या तोंडाशी फळे पिकून खाली पडतात. बी फोडून गर काढायचा, तो उन्हात कडक वाळवायचा, कुटून वाफवायचा आणि गरम असतानाच दाबून तेल काढायचे. गोंड-माडिया घरांत दोन जाड लाकडी फळ्यांमध्ये दाबून तेल काढण्याची रीत जुनी आहे. वाळलेल्या गराच्या वजनाचा तिसरा हिस्सा ते जवळजवळ निम्मा भाग तेल असते. फळ्यांच्या दाबाने त्यातले बरेच पेंडीत राहून जाते आणि घाणीवर अधिक निघते. गर ओला राहिला किंवा बुरशी आली तर तेल लवकर खवट होते, म्हणून वाळवणीत घाई नको.

हे तेल थंडीत तुपासारखे गोठते. काहींना वाटते तेल खराब झाले. तसे नाही, गोठणे हाच त्याचा गुण आहे. टाचेवर लावले की ते वाहून जात नाही, रात्रभर टिकते. त्याचा वास उग्र असतो हे खरे, आणि तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या मुली नाक मुरडतात हेही खरे. त्यांनी ते रात्री लावून सकाळी पाय धुवावेत.

प्रवासात किंवा शेतावर नेण्यासाठी याचा मलम करता येतो. चार भाग मोहाचे तेल आणि एक भाग मधाच्या पोळ्याचे शुद्ध मेण घ्यावे. मेण आधी गरम पाण्यात वितळवून, फडक्यातून गाळून, थंड करून घेतले म्हणजे त्यातली घाण निघते. ते पूर्ण कोरडे झाले पाहिजे. मग पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात दुसरे लहान भांडे ठेवावे आणि त्या भांड्यात तेल व मेण एकत्र वितळवावे. थेट चुलीवर ठेवू नये, तेल पेट घेते. एकजीव झाले की कोरड्या, स्वच्छ डबीत ओतावे. डबीत पाण्याचा थेंब गेला किंवा ओली बोटे घातली तर मलम बिघडतो. मेण मिळाले नाही तर नुसते तेलही चालते. आणि तेलही नसेल तर दुकानातल्या साध्या व्हॅसलीनच्या डबीत काही कमीपणा नाही, तीही तेच काम करते. घरचे ते सारे चांगले आणि दुकानचे ते सारे वाईट, असा माझा आग्रह नाही.

कोणतेही तेल वा मलम नवीन असले तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस वाट पाहावी. लाली किंवा खाज आली तर ते आपल्यासाठी नाही असे समजावे.

इतर तेलांविषयी थोडक्यात. खोबरेल उत्तम, लहान मुलांना तेच लावावे. मोहरीचे तेल तान्ह्या बाळाच्या कातडीला झोंबते, ते टाळावे. जवस आपण धानाच्या ओलीवर पेरतो आणि त्याचे तेल घरी असते, पण ते हवेत वाळून चिकट पापुद्रा धरते. ते अंगाला चोळण्यापेक्षा जवसाची चटणी खावी, ती अधिक उपयोगी. करंजाचे आणि कडुनिंबाचे तेल खाजेवर लावण्याची जुनी चाल आहे. ते खोबरेलात मिसळून लावावे आणि पोटात मुळीच देऊ नये. कडुनिंबाचे तेल जंतावर म्हणून लहान मुलांना पाजल्याने झटके येऊन मुले दगावल्याची उदाहरणे वैद्यकाच्या नोंदींत आहेत. बाटली उंच फळीवर ठेवावी.

अंगभर खाज असेल आणि कातडी फुटलेली नसेल, तर बिनमिठाच्या भाताचा मांड कोमट पाण्यात मिसळून शेवटचे दोन तांबे अंगावर घ्यावेत. साबणाऐवजी बेसन चालते. लिंबू चोळू नये, ते जळजळ वाढवते.

आता बिब्ब्याविषयी कळकळीने सांगायचे आहे. पाय उलले की गरम बिब्ब्याचे तेल भेगेत सोडण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. बिब्बा म्हणजे भिलावा. त्याच्या टरफलातला काळा रस कातडी जाळतो. धोबी त्यानेच कपड्यावर न जाणारी खूण करीत. एखाद्याला काही होत नाही, पण दुसऱ्याच्या पायाला फोड येतात आणि तेच हात तोंडाला लागले तर तोंडही सुजते. बी भाजताना निघणाऱ्या धुरानेसुद्धा असे होते. गोडंबी काढणाऱ्या घरांना हे सांगायला नको. रस लागलाच तर लगेच फडक्याने टिपून घ्यावा, साबणाने दोन-तीनदा धुवावे आणि नखेही घासावीत. फोड फोडू नयेत. डोळे किंवा तोंड सुजले तर डॉक्टरकडे न्यावे. आंब्याचा चीकही त्याच कुळातला आहे.

दुसरा शत्रू गाजर गवत. १९५५-५६ च्या सुमारास ते पुण्याकडे दिसले आणि आज आपल्या रस्त्यांच्या कडेला, पडीत बांध्यांत सगळीकडे आहे. मान, चेहरा, कोपराची खोबण येथे खाज येऊन कातडी जाड व काळी होत असेल, आणि उन्हात गेल्यावर त्रास वाढत असेल, तर तेल बदलत बसण्यापेक्षा घराभोवतीचे गाजर गवत फुलण्याआधी उपटावे. हातात मोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात. ज्याला आधीच त्रास आहे त्याने उपटायला जाऊ नये. त्या जागी तरोट्याचे बी टाकावे, तरोटा गाजर गवताला मागे रेटतो. हाच तरोटा गजकर्णावर वाटून लावतात, संस्कृतात त्याला दद्रुघ्न म्हणजे गजकर्ण मारणारा असे नावच आहे. पण आजकाल दुकानातून न विचारता आणलेल्या, स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबांनी गजकर्ण इतके चिवट झाले आहे की पाल्यावर भागत नाही. ती ट्यूब आधी बंद करावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

फवारणीपूर्वी हाताला तेल चोळले की औषध लागत नाही, असा एक समज आहे. तो घातक आहे. पाण्यात दुधासारखी पांढरी होणारी औषधे मुळात तेलासारख्या द्रवातच विरघळवलेली असतात. तेलकट कातडीवर ती अधिक चिकटतात. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरू नये. औषध सांडले तर कपडे काढून साबण व भरपूर पाण्याने धुवावे. तेल लावायचे ते दुसऱ्या दिवशी.

खाज रात्रीच वाढते, बोटांच्या बेचक्यांत व कमरेला पुरळ आहे, आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदम आहे, असे असेल तर ती खरूज होय. तिला तेल-मांडाने काही होत नाही. आरोग्य केंद्रातले औषध घरातल्या सर्वांनी एकाच रात्री लावावे, ज्याला खाज नाही त्यानेही. पांघरुणे उकळत्या पाण्यात टाकून उन्हात वाळवावीत.

आता जे सांगतो ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही वाचून दाखवावे. कोरडी कातडी खाजते, चरचरते, दुखते. जी कोरडी आहे पण खाजत नाही, दुखतही नाही, तिची काळजी अधिक. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असेल, त्यावर घाम येत नसेल, केस विरळ झाले असतील, तर डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकाने त्या जागी हळूच स्पर्श करावा. जेथे स्पर्श कळत नाही तेथे कुष्ठरोगाची शंका घ्यावी. एका गावी एक बाई मला टाचेच्या भेगांसाठी तेल विचारायला आल्या. भेग करंगळी जाईल एवढी खोल होती आणि बाई त्याच पायावर भार देऊन सहज उभ्या होत्या. दुखत नाही का विचारले तर म्हणाल्या, "नाही जी, पाय बरा आहे, दिसतो फक्त वाईट." पोटरीवर चट्टा होता आणि त्या तीन वर्षे त्यावर करंजाचे तेल लावीत होत्या. आरोग्य केंद्रात त्यांची गोळ्यांची पाकिटे सुरू झाली. रोग थांबला, पण पायाची गेलेली जाणीव परत आली नाही. तीन वर्षांपूर्वी आल्या असत्या तर बहुधा ती गेलीच नसती.

तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ साली आनंदवन उभे केले, तेव्हा या रोगाला घराबाहेरचीच वाट होती. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला आणि चित्र पालटले. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, रोग आईबापाकडून रक्तात येत नाही, आणि औषध सुरू झाले की रुग्णापासून घरच्यांना लागण होण्याची भीती राहत नाही. २००५ च्या अखेरीस देशात या रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचे जाहीर झाले, तरी आपल्या दोन जिल्ह्यांत नवे रुग्ण अजूनही सापडतात. आशाताई तपासणीला घरी येतात तेव्हा बायका लाजून पाठ, मांडी दाखवीत नाहीत. ताई बाईमाणूसच आहे, आत नेऊन दाखवावे.

आणि ज्यांचा पाय या रोगाने बधिर झालेला आहे, त्यांनाही वर सांगितलेली पाण्यात भिजवून तेल लावण्याचीच रीत आहे. कुष्ठरोगाच्या दवाखान्यांत तीच शिकवतात. फक्त पाणी थंड घ्यावे, कारण चटका त्यांना कळत नाही. शेकोटीपाशी बसू नये, अनवाणी चालू नये आणि रोज रात्री दिव्याच्या उजेडात तळवे कोणाकडून तरी पाहून घ्यावेत. काटा रुतलेला असला तरी त्यांना समजत नाही.

तेल काढल्यावर मोहाची पेंड गुरांना घालावी का, असे सिंदेवाहीकडच्या एका वाचकाने विचारले होते. घालू नये. तिच्यात साबणासारखा फेस आणणारे सॅपोनिन असते, ते गुरांना बाधते. मासळीला तर ते विषच आहे, म्हणून बोडीच्या किंवा तलावाच्या काठाशी पेंड टाकू नका. ताजी पेंड बांधीत टाकली तर गांडुळेही मरतात. शेणखताच्या खड्ड्यात घालून चांगली कुजू द्यावी, मग रोवणीपूर्वी खत म्हणून वापरावी.