दुसरी पतसंस्था कशासाठी?

झाशी स्टेशनवरून शहरात येताना आधी चित्रा चौराहा लागतो, मग इलाइट. दोन्ही नावे चित्रपटगृहांवरून पडलेली. नेवाळकरांच्या काळापासून या शहरात मराठी घरे आहेत. त्यांच्यापैकी कुणी नोकरदार वा निवृत्त माणूस इलाइट चौराह्यावर उभा राहिला, की ‘आमच्याकडे सभासद व्हा’ म्हणणारे त्याला सहज भेटतात. कुठे व्हावे आणि किती ठिकाणी व्हावे, हा त्याचा प्रश्न पतसंस्था चालवणाऱ्या आपल्या सर्वांचा आहे. त्याचे सरळ उत्तर देण्याची आपली तयारी कमी पडते, म्हणून हे संपादकीय.

रेल्वेतल्या माणसाची पहिली पतसंस्था जवळपास ठरलेलीच असते. झाशी मंडळ मध्य रेल्वेत होते, तेव्हा मध्य रेल्वे कर्मचाऱ्यांची मुंबईत मुख्यालय असलेली पतसंस्था हीच त्यांची संस्था. 1 एप्रिल 2003 पासून मंडळ उत्तर मध्य रेल्वेत गेले, कारभार अलाहाबादकडे, म्हणजे आजच्या प्रयागराजकडे वळला. पण पतसंस्थेचे नाते प्रशासनाच्या नकाशाबरोबर पुसले जात नाही. पगारपत्रकावरची कपात बघा: भाग, वर्गणी, कर्जाचा हप्ता. पैसे हातात येण्याआधीच हप्ता वळता होतो, त्यामुळे थकबाकी कमी राहते आणि व्याजदर परवडतो. शेजारच्या टेबलावरचा माणूस जामीनदार असतो, संचालक मंडळाच्या निवडणुकीत कामगार संघटना हिरिरीने उतरतात. कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेचे बळ या ओळखीत आहे. ज्याला अशी संस्था उपलब्ध आहे, त्याने कर्जासाठी दुसरीकडे जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अडचण निवृत्तीच्या दिवशी सुरू होते. अनेक पगारदार संस्थांत नोकरी संपली की सभासदत्वही संपते. उपदान, भविष्यनिर्वाह निधी, पतसंस्थेतली जमा वर्गणी, सगळे एकाच महिन्यात खात्यावर येते आणि तेव्हाच ओळखीचा कुणी प्रतिनिधी घरी येऊन बसतो. बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त, पावती लगेच, वेगवेगळ्या संस्थांत विभागून ठेवा म्हणजे धोका नाही. शेवटचे वाक्य ऐकायला शहाणपणाचे वाटते. सर्वांत जास्त नुकसान त्यानेच केले आहे.

सहारा प्रकरणात हे उघड दिसले. लखनौची सहारा क्रेडिट, भोपाळची सहारायन युनिव्हर्सल, कोलकात्याची हमारा इंडिया, हैदराबादची स्टार्स मल्टिपर्पज, अशा चार बहुराज्य सहकारी संस्था. चार नावे, चार शहरे, चार नोंदण्या. ज्याने दोन-तीन ठिकाणी पैसे ठेवले त्याला ते विभागल्यासारखे वाटले, पण समूह एकच होता. सर्वोच्च न्यायालयाच्या 29 मार्च 2023 च्या आदेशाने 5,000 कोटी रुपये केंद्रीय सहकार निबंधकांकडे वर्ग झाले आणि 18 जुलै 2023 ला परताव्याचे पोर्टल सुरू झाले. तिथे ठेवीदाराला चारही संस्थांचे दावे एकाच अर्जात भरायचे होते. सुरुवातीला प्रत्येकाला मिळाले ते जास्तीत जास्त 10,000 रुपये, पुढे ही मर्यादा 50,000 वर नेली. आयुष्याची पुंजी अडकलेल्या माणसासाठी हा आकडा काय आहे, ते वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्रात आपण यापेक्षा सुरक्षित आहोत, असे समजायचे कारण नाही. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी संस्थेच्या शाखा अनेक राज्यांत होत्या. 2015 मध्ये तिच्यावर अवसायक नेमावा लागला. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे ठेवीदार अजून खेटे घालत आहेत. गावात चार पतसंस्था असतात आणि चारही संस्थांचे मोठे कर्जदार त्याच पाच-सहा व्यापाऱ्यांच्या घरातले असतात. असे असेल तर ठेव चार ठिकाणी ठेवूनही ती एकाच बाजारभावावर टांगलेली राहते. ठेव खरोखर विभागायची असेल तर संचालक वेगळे, कर्जदार वेगळे आणि शक्यतो व्यवसायाचे क्षेत्रही वेगळे असावे लागते. उरलेली रक्कम बँकेत ठेवावी. नागरी सहकारी बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे 5 लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. आपल्या काउंटरवर हे वाक्य मोठ्या अक्षरांत लावलेले किती ठिकाणी दिसते?

रायफायझेनने जर्मनीत एकोणिसाव्या शतकात ग्रामीण पतसंस्था उभ्या केल्या, तेव्हा संस्थेचे क्षेत्र लहान ठेवले आणि सभासदांची जबाबदारी अमर्याद. एकमेकांची शेती, कर्जे आणि सवयी ठाऊक असलेल्या माणसांनीच एकमेकांना पैसे द्यायचे होते. फ्रेडरिक निकल्सन यांच्या मद्रासच्या अहवालातून तो विचार इकडे आला आणि 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. आज अमर्याद जबाबदारी कुणी मागणार नाही. पण माणूस तीन संस्थांत सभासद असेल आणि एकीलाही इतर दोन ठिकाणचे त्याचे कर्ज माहीत नसेल, तर त्या मूळ कल्पनेतले काहीच शिल्लक राहत नाही. वसुली अधिकाऱ्यांना जामीनदारांची साखळी पाठ असते: अ हा ब ला एका संस्थेत जामीन, ब हा अ ला दुसऱ्या संस्थेत, आणि क दोघांनाही. एक हप्ता थकला की तिघांची दारे एकदम वाजतात. मग महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला काढताना कळते, की जामीनदाराच्या पगारावर आधीच दोन कपाती बसल्या आहेत.

मताचा अधिकार हाही निवडीचा निकष आहे आणि त्याकडे फार दुर्लक्ष होते. बहुराज्य संस्थेला सर्वसाधारण सभेऐवजी प्रतिनिधींचे लहान मंडळ ठेवता येते. झाशीच्या शाखेत ठेव ठेवणाऱ्याने ताळेबंदावर प्रश्न विचारायचा तरी कुठे? नाममात्र सभासदाला तर मतच नसते. नोव्हेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर इशारा दिला होता, की काही सहकारी संस्था बिगरसभासद, नाममात्र व सहयोगी सभासदांकडून ठेवी घेतात, आणि हे बँकिंग व्यवसाय करण्यासारखेच आहे. दहा रुपयांची पावती फाडून ‘सभासद’ केलेल्या माणसाला आपण सभासद म्हणतो, तेव्हा त्याला फसवण्याची सोय करून ठेवतो. हे कठोर शब्द आम्ही समजून-उमजून वापरत आहोत.

म्हणून व्यवस्थापक मित्रांना एक विनंती. सभासदत्वाच्या अर्जात एक रकाना असू द्या: इतर कोणकोणत्या पतसंस्थांत सभासद, कर्ज किती, जामीन कुणाला. अनेक पगारदार संस्थांच्या उपविधीत दुसऱ्या संस्थेच्या सभासदत्वावर अट असते, ती अर्ज देतानाच वाचून दाखवा. कर्ज समितीने हा रकाना कोरा असलेला अर्ज परत पाठवावा. ठेवीदार आला तर त्याच्यासमोर लेखापरीक्षणाचा वर्ग, अनुत्पादक कर्जाचे प्रमाण आणि सर्वांत मोठ्या दहा कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती हिस्सा आहे तो आकडा ठेवा. नावे नकोत, हिस्सा पुरे. निवृत्त माणूस सगळी पुंजी घेऊन आला तर तिच्यातला मोठा भाग बँकेत ठेवायला त्याला सांगा. शाखेचे ठेवीचे उद्दिष्ट त्या महिन्यात अपुरे राहिले तरी चालेल, आणि ते अपुरे राहिल्याबद्दल शाखाधिकाऱ्याला कुणी जाब विचारणार नाही, असा ठराव संचालक मंडळाने सप्टेंबरच्या वार्षिक सभेआधी करून ठेवावा.