मॅडम, विझवणाऱ्यांचा रकाना कुठे गेला?

आमच्या जंगलातल्या वणव्यांवर अभ्यास करून गेलेल्या मॅडमना,



तुमचा अहवाल तुमच्याकडून आलाच नाही. तो तालुक्याच्या बैठकीत एका साहेबांच्या हातात दिसला. या भागातल्या बहुतेक आगी मानवनिर्मित आहेत, मोहफूल आणि तेंदूपत्ता गोळा करणाऱ्यांमुळे लागतात, एवढं एकच वाक्य त्यांनी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं. वर म्हणाले, "तुमच्याच गावात राहून लिहिलंय हे." राग नंतर आला, आधी लाज वाटली. ज्या बायकांच्या चुलीपाशी बसून तुम्ही वह्या भरल्यात, त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या.

तुम्ही खोटं लिहिलंत असं माझं म्हणणं नाही. मोहाखालचा पाला जाळतात, पूर्वीपासून जाळत आलेत. फुलं पहाटे गळतात आणि वाळक्या पानांत ती सापडत नाहीत. पण जाळतात कसं, हे तुम्ही उभं राहून पाहिलं होतंत. बाई आधी खराट्यानं झाडाभोवतीची जागा झाडून काढते, आतला पाला बुंध्यापासून थोडा लांब ओढते, वारा पडायची वाट बघते आणि मग काडी लावते. राख गार होईपर्यंत हिरवी डहाळी हातात धरून तिथंच बसते. तुम्ही तिचा फोटो घेतलात. तो अहवालात आहे. खाली ओळ आहे, 'आग लावताना स्थानिक महिला'. डहाळी मात्र फोटोच्या कडेला कापली गेलीय.

निष्काळजीपणा होत नाही का? होतो. कुणी पाला पेटवून घरी निघून जातं, कुणी विडीचं थोटूक फेकतं. तेंदूचंही तसंच. झुडपं छाटली की कोवळं, मऊ पान येतं, पण छाटणीला मजूर आणि मजुरी लागते. काडी लावली की तेच पान फुकटात येतं. सत्तर पानांच्या पुड्यावर माणसाची कमाई ठरते, पण छाटणीचे पैसे वाचतात ते कुणाचे, हेही मी तुम्हाला सविस्तर सांगितलं होतं. तुमच्या अहवालात पानं तोडणारे हात आले. पान विकत घेणाऱ्याबद्दल एक ओळ नाही.

आता तुमच्या अहवालातल्या नकाशावरच्या लाल ठिपक्यांबद्दल. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून आगीचे इशारे येतात, ते उपग्रहाच्या आधारावर. त्यातल्या 'व्हिअर्स' यंत्राचा एक ठिपका म्हणजे साधारण 375 मीटर लांबीरुंदीचा चौकोन, जवळपास 35 एकर. तेवढ्या जागेत कुठेतरी उष्णता दिसली, इतकंच तो सांगतो. काडी कुणी लावली, ते त्याला कळत नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत, मॅडम. तो उपग्रह आमच्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातो, हेही तुम्हीच सांगितलंत. मग संध्याकाळी पेटवून तासाभरात विझवलेला पाला त्याला सहसा दिसणारच नाही. दिसणार ती भर दुपारी सुटलेली आग. म्हणजे जी बाई नीट जाळते ती तुमच्या ठिपक्यांत नाही, पण तुमच्या निष्कर्षात आहे. याचं उत्तर मला हवंय.

हवामान बदलाला तुम्ही प्रस्तावनेत दोन पानं दिलीत, पुढे मात्र त्याचा आमच्याशी संबंधच जोडला नाहीत. 1901 पासूनच्या नोंदींत दिवसाच्या तापमानात देशातला सर्वांत तापलेला मार्च 2022 चा, आणि पाठोपाठ 2023 चा फेब्रुवारीही त्या महिन्यापुरता सर्वांत उष्ण. पाला आधी वाळतो, जमिनीतली ओल आधी जाते. जी आग पूर्वी पायवाटेशी येऊन आपोआप मरायची, ती आता पायवाट ओलांडते. जाळणारी तीच, रीत तीच, रान मात्र आधीसारखं ओलं राहिलं नाही.

कर्नाटकात बिळिगिरीरंगन टेकड्यांवर सोलिग लोक हंगामाच्या सुरुवातीला पाल्याच्या हलक्या आगी लावत. अभयारण्य झाल्यावर ती रीत बंद झाली. पुढे घाणेरीनं रान भरलं, तेव्हा अभ्यासकांनी सोलिगांनाच विचारलं आणि त्यांचं म्हणणं शोधनिबंधांत आलं. तिथं हे जमलं, मग इथं आमच्यापुढे ठेवलेल्या प्रश्नावलीत 'आग कोण लावतं' याला सहा पर्याय, आणि 'आग कोण विझवतं' हा प्रश्नच नाही, असं का?

विझवतो आम्ही. 1927 च्या वन कायद्यानं जंगलात हक्क असलेल्या माणसावर वणवा विझवायला मदत करण्याची सक्ती आहे. मजुरी मागितली तर 'तुमचंच जंगल ना' असं ऐकायला मिळतं. आणि जंगल आमचं म्हणून हक्क मागायला गेलं की कागद अपुरे निघतात. 2006 च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला. याच गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. आमचा दावा अजून फाइलीत आहे. आता त्या फाइलीला तुमचा अहवाल जोडला जाईल, ही माझी खरी भीती आहे. 'हेच लोक जंगल जाळतात' म्हणायला आता शिक्क्याचा कागद आहे.

तुमच्या मनात वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. माझ्या आईला तुम्ही अजून आठवता. म्हणून तर जास्त लागलं.

येत्या मोहाच्या हंगामाआधी या. अहवाल मराठीत आणा, गोंडीत समजावून सांगायला आमची पोरं आहेत. ग्रामसभेसमोर तो पूर्ण वाचा आणि बायकांना बोलू द्या. आगीचा इशारा ग्रामसभेच्या फोनवरही कसा येईल, ते आमच्या पोरांना शिकवा. आणि पुढच्या आवृत्तीत तो फोटो छापणार असाल, तर न कापता छापा.

आपली,
ग्रामसभेची एक सदस्य, जिल्हा गडचिरोली