भंडाऱ्याला अख्खं गाव, ग्रामसभेला अकरा

गिरडकर हो, टेकडीवर भंडारा असला की आपल्याला काही शिकवावं लागत नाही. वर्गणीला कुणी फिरायचं, वांगी कुणी चिरायची, पंगतीत बादली कुणी धरायची, सगळं आदल्या रात्रीच ठरतं. शेख फरीद बाबांच्या टेकडीची वाट हिंदूही चढतात, मुसलमानही. माणसं जमवणं आपल्या रक्तातच आहे!

आणि ग्रामसभा?

परवा एका गावात पाहिली. सतरंजीवर अकरा जण. पंख्यानं पानं उडू नयेत म्हणून रजिस्टरवर पाण्याचा तांब्या. कोरम नाही, सभा तहकूब. दुपारी तेच रजिस्टर घरोघरी फिरलं. एका आजीनं विचारलं, "कायची सही, बाप्पा?" "हजेरीची." "पण मी तं घरीच होती!" म्हणाली, आणि केली सही.

हसू येतं खरं, पण त्या सहीखाली पुढं काय लिहिलं जातं, ते आजीला कोण सांगणार? कायदा काही जत्रा मागत नाही. 15 टक्के मतदार किंवा 100 जण, जो आकडा कमी असेल तो. तहकूब सभेला तर तीही अट नसते. म्हणजे आपण गेलो नाही तरी ठराव होतातच. घरकुलाची यादी, नालीचं काम, रानडुकरांनी उकरलेली तूर, सगळं आपल्यावाचून.

वेळ नाही, ही तक्रार खरी आहे. सोयाबीनच्या सोंगणीत कोण येणार? पण खरं हरवतंय ते गावाच्या कामासाठी माणसं जोडण्याचं कसब. आपल्याच जिल्ह्यात पवनारला विनोबांचा आश्रम; 1951 पासून ते पायी हिंडून गावोगाव जमीन मागत होते. तुकडोजी महाराजांनी खंजेरीवर गावं एकत्र बसवली. त्यांच्यासोबत उठबस केलेली माणसं आता विरळ झाली. आपण मात्र व्हॉट्सॲपवर निरोप टाकून मोकळे होतो.

हे कसब शिकता येतं. आर्वी तालुक्यातलं काकडदरा पाहा. कोलामांचं चिमुकलं गाव. 2017 च्या वॉटर कप या पाणी अडवण्याच्या स्पर्धेत ते राज्यात पहिलं आलं. त्या स्पर्धेत गावकऱ्यांनी आधी प्रशिक्षणाला जायचं आणि मग 45 दिवस श्रमदान करायचं, अशी रीत होती. चर कसे खणायचे हे कळणं सोपं. रुसलेल्या शेजाऱ्याच्या हाती फावडं देणं अवघड. पुरस्काराहून मला त्याचंच अप्रूप वाटतं.

मग आपणही भंडाऱ्याचीच पद्धत लावू. एकेकानं दहा घरं वाटून घ्यायची. सभेच्या दोन दिवस आधी ओसरीवर बसायचं आणि भाषण न देता विचारायचं, "तुमचं काय अडलंय?" त्यातला सगळ्यांना बोचणारा एकच प्रश्न आधी उचलायचा. महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी व्हायला हवी. ती नुसती कागदावर उरू द्यायची नाही. मागचं इतिवृत्त मोठ्यानं वाचायला लावायचं. ठरावापुढं काम कुणाचं, कधीपर्यंत, हे तिथंच लिहून घ्यायचं. आणि प्रत्येक वेळी एका कॉलेजच्या पोराला किंवा पोरीला सोबत न्यायचं. बघत बघतच शिकतील.

पहिल्या खेपेला शंभर जमणार नाहीत. चाळीस आले तरी सतरंजी दुसरी आणावी लागेल.

माझी दहा घरं मी आजच लिहून काढतोय. तुमची कोणती?