लायकीचा काटा कोणाच्या हातात?

'आरक्षण आले आणि गुणवत्ता गेली' असे खुद्द शाहूनगरीत, दसरा चौकातल्या महाराजांच्या पुतळ्याकडे पाठ करून बोलणारे महाभाग आजही भेटतात. त्यांना एका ग्रीक शब्दाची गोष्ट सांगितली पाहिजे.

शब्द आहे 'आक्सिया'. मूळचा हा तराजूचा शब्द. जे पारडे खाली ओढते, त्याचे वजन. आपल्या शाहूपुरीत गुळाचा रवा काट्यावर चढावा, इतका साधा व्यवहार. पुढे वजनाची किंमत झाली आणि किमतीची माणसाची लायकी झाली. गफलत झाली ती इथे. गुळाला काटा आहे, माणसाला कोणता लावणार?

ॲरिस्टॉटलला ही अडचण कळली होती. गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्या या गृहस्थाची आरती ओवाळण्याचे आपल्याला कारण नाही. पण तो आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात स्पष्ट लिहितो की, वाटप लायकीप्रमाणे व्हावे हे सर्वांनाच मान्य असते, मात्र लायकी कशाला म्हणायचे यावर एकमत नसते. लोकशाहीवाले गुलाम नसणे एवढीच लायकी मानतात. मूठभरांचे राज्य मागणारे पैसा बघतात, नाहीतर कुळ.

कुळ! आपल्याकडे दुसरे काय होते? १८९४ साली शाहू महाराज गादीवर आले तेव्हा करवीर दरबारातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते, आणि यालाच लायकी म्हणत. महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. नुसत्या जागाच राखल्या नाहीत, तर वसतिगृहे काढली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. महाराजांनी कोणाची लायकी हिरावली नाही, खोटा काटा तेवढा पकडला!

या 'आक्सिया'च्याच घरातला दुसरा शब्द 'आक्सिओमा'. त्याचा अर्थ आधी मानमरातब, नंतर गणितात जे सिद्ध करावे लागत नाही ते. इंग्रजीतला 'ॲक्झिअम' तो हाच. 'मेरिट'चेही हेच झाले आहे. ते आमच्याकडे आहे म्हणायचे, पुरावा कोणी मागायचा नाही. परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे, असे जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात सांगितले. महाभागांच्या कानावर ते गेलेले दिसत नाही.

आणि खासगी मेडिकल कॉलेजातला अनिवासी भारतीयांचा कोटा? तिथे पैसा हीच लायकी. त्या कोट्यातून झालेल्या डॉक्टरला कोणा पेशंटने मार्क विचारल्याचे आम्ही तरी अजून ऐकले नाही.