बयाणा घेताना बाईला विचारलं का?

गणपती झाले की वीटभट्टीच्या शेठचा माणूस पाड्यावर येतो. भात शेतात उभं, घरातली कणगी रिकामी. तेव्हा घरचा बाप्या बयाणा घेतो. त्यात बाईची मजुरीपण धरलेली असते, कारण भट्टीला एकटा गडी चालत नाय, जोडी लागते. दिवाळीनंतर तीच चिखल कालवणार, विटा वाहणार, वर पहाटे भाकऱ्या थापणार. आणि तिला कळतं कधी? बयाणा निम्मा संपल्यावर.

8 मार्चला तालुक्याला महिला सक्षमीकरणाची भाषणं होतात. आमच्या बायांना टाळ्या वाजवायला टेम्पोतून नेतात. जिला स्वतःचे हात कुणाला विकले हेच ठाऊक नाय, तिचं कसलं सक्षमीकरण?

साहेब लोक म्हणतात, बाया शिकल्या की स्थलांतर थांबेल. थांबेल कसं? मागच्या साली आमच्या पाड्यातल्या बायांनी दसऱ्याआधी रोजगार हमीचं काम लेखी मागितलं, तारखेची पोच घेतली. बांधबंदिस्ती निघाली. पंधरा दिवसांत मजुरी द्यायची असा कायदा आहे, ती आली होळीला! तोवर दोन घरं जगायला निघून गेली. बायांनी त्यांचं काम केलं होतं. सरकारनं केलं नाय.

पण सगळा दोष सरकारवर टाकून आपले बापे सुटणार नाहीत. 2006 च्या वनहक्क कायद्यात प्लॉटचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावानं आहे. वन हक्क समितीत एक तृतीयांश तरी बाया पाहिजेत. आपल्याकडे कागदावर नाव तिचं, कागद पेटीत, पेटीची चावी बाप्याकडे. ज्या बाया दाव्याच्या मोजणीला स्वतः उभ्या राहिल्या, त्या आता घरात विचारतात, सहा महिने प्लॉट कोण राखणार? पोरांची शाळा?

विचारल्यावर सगळ्या थांबतातच असं नाय. एकीनं सांगितलं, दवाखान्याचं कर्ज आहे, जावंच लागेल. पण खर्ची माझ्या हातात पाहिजे, हिशोब दोघांसमोर पाहिजे. गेली ती, पण ठरवून गेली.

म्हणून आम्ही सांगतो, यंदा शेठचा माणूस आला की त्याला आधी गावसभेत बसवा. बाईसमोर आकडा बोलल्याशिवाय कुणी पैशाला हात लावायचा नाय. येत्या बैठकीत हाच विषय आहे. पेटीतला कागद घेऊन या, आणि बाप्यांनो, एकटे येऊ नका.