सामाईक वाचनखुणा : वर्गात आणि ग्रंथालयात

आम्ही एम. ए. करीत असताना ग्रंथालयातील समीक्षेची पुस्तके हाती घेतली की समासात शिसपेन्सिलीच्या खुणा सापडत. पुस्तकात काही लिहू नये अशी पाटी भिंतीवर होतीच. तरीही कोणीतरी एखाद्या परिच्छेदाशेजारी उभी रेघ ओढलेली असे, कुठे प्रश्नचिन्ह, तर कुठे 'हे पटत नाही' एवढेच तीन शब्द. ग्रंथपालांच्या दृष्टीने ती पुस्तकाची नासाडी होती, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. आम्हांस मात्र त्या खुणांनी एक गोष्ट शिकवली. आपल्याआधी येथे कोणी येऊन गेले आहे आणि तो वाचक सगळ्याशी सहमत झालेला नाही, हे कळणे हाच अभ्यासाचा पहिला धडा असतो.

आता आम्ही दोघेही नाशिक रोडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. वर्गात जेल रोड, चेहेडी, देवळाली कॅम्प, सिन्नर येथून मुले-मुली येतात. काही जण सकाळचे तास आटोपून दुपारी कामावर जातात. त्यांचे पुष्कळसे वाचन मोबाइलवर होते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती वेगळीच. एखादीला चांगला लेख सापडला तर ती त्याचा दुवा वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकते, आणि संध्याकाळपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छा व बदललेले वेळापत्रक यांच्याखाली तो गाडला जातो. पुढच्या वर्षी नवा वर्ग येतो आणि तोच लेख पुन्हा पहिल्यापासून शोधू लागतो. मागच्या वर्गाने काय शोधले, काय वाचले आणि काय टाकाऊ ठरवले याचा मागमूसही उरत नाही. प्रस्तुत लेख या दरवर्षीच्या नुकसानीविषयी आहे.

यावरचा उपाय नवा नाही. २००३ साली सुरू झालेल्या 'डिलिशस' या संकेतस्थळाने वाचनखूण स्वतःच्या संगणकाबाहेर काढली. आपण जपलेला दुवा इतरांना दिसू लागला, आणि त्याला आपल्या मनाने हवे ते शब्द चिकटवता येऊ लागले. मराठी वाचकांना ही पद्धत परकी नाही. 'मायबोली'वर लेखाला 'शब्दखुणा' दिलेल्या असतात, तोच सुबक शब्द आम्हीही वापरतो. वाचकांनी आपापल्या परीने दिलेल्या अशा शब्दांतून जे वर्गीकरण उभे राहते त्याला टॉमस व्हँडर वाल यांनी २००४ मध्ये 'फोकसॉनॉमी' हे नाव दिले. आपण त्याला लोकवर्गीकरण म्हणू. पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाने 'पेनटॅग्ज' नावाची स्वतःची व्यवस्था उभारली आणि विद्यार्थ्यांना संकेतस्थळांबरोबर ग्रंथालयाच्या तालिकेतील नोंदींनाही शब्दखुणा देऊ दिल्या.

ग्रंथालयात वर्गीकरण असताना या शब्दखुणांची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. ड्युई पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ आहे. पुस्तक एकाच जागी ठेवता येते म्हणून त्याला एकच क्रमांक द्यावा लागतो. तो फळीचा नाइलाज आहे. साने गुरुजींची 'श्यामची आई' आमच्या ग्रंथालयात कथा-कादंबऱ्यांच्या फळीवर आहे आणि ते योग्यच आहे. पण ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली, हे ती फळी कसे सांगणार? 'तुरुंगातील लेखन' आणि 'नाशिक' अशा दोन शब्दखुणा दिल्या की तेच पुस्तक एका वेगळ्या रांगेत येऊन उभे राहते. जेल रोडवरून रोज जाणाऱ्या विद्यार्थ्याला ती रांग पाहून जे वाटते, ते क्रमांकाने वाटत नाही. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे एक सूत्र आहे. शब्दखूण त्या सूत्राच्याच बाजूची आहे.

हे सर्व आम्हांस आधीपासून कळले होते, असे मात्र नाही. सुरुवातीला आम्हीही दुवे गोळा करणे म्हणजेच उपक्रम असे समजत होतो. विद्यार्थ्यांना गट पाडून विषय दिले, तेव्हा पंधरा दिवसांत दीडशेहून अधिक दुवे जमले, आणि त्यांतले बहुतेक कोणीच वाचले नव्हते. पुढच्या खेपेस आम्ही नियम बदलला. प्रत्येकाने पाचच दुवे द्यायचे. प्रत्येक दुव्याखाली स्वतःच्या शब्दांत तीन ओळी लिहायच्या : यात काय आहे, हे कोणाच्या उपयोगी पडेल, आणि यातले काय पटत नाही. शिवाय किमान दोन शब्दखुणा द्यायच्या आणि गटातील दुसऱ्या कोणी हरकत घेतली तर त्यांचे समर्थन करायचे.

विषय होता बाबूराव बागूल. त्यांचा जन्म १९३० साली विहितगावचा, म्हणजे आमच्या वर्गापासून रिक्षाने काही मिनिटांच्या अंतरावरचा. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली आला. शीर्षककथेवरील लेखांना गटाने पहिली शब्दखूण दिली ती 'दलित साहित्य'. त्यात अनपेक्षित काही नव्हते. वडील रेल्वेत असलेल्या एका विद्यार्थ्याने 'रेल्वे' ही खूण जोडली, कारण कथेतला नायक रेल्वेच्याच नोकरीवर रुजू होतो. दुसऱ्याने 'नोकरी' म्हटले, तिसरीने 'विहितगाव'. मग एरवी फारसे न बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, याच पत्रिकेत वाड्यातल्या एकत्र कुटुंबाची कथा आहे. तिला आपण 'कुटुंब' आणि 'स्त्री' एवढ्याच खुणा दिल्या. त्या कथेतल्या माणसांना जात नाही का?"

वर्ग गप्प झाला. खरे सांगायचे तर आम्हीही गप्प झालो. इतकी वर्षे ती कथा शिकवताना हा प्रश्न आम्हांस पडला नव्हता. जातीचे चटके जिथे उघड दिसतात त्या कथेवर आपण जातीची चिठ्ठी लावतो. जात जिथे न बोलता सुखाने नांदते तिथे तिला 'कुटुंब' म्हणतो. पुढचे दोन तास वर्गाने जुन्या नोंदी पुन्हा तपासण्यात घालवले. 'दलित साहित्य' ही खूण काढावी असे एकाने सुचवले. त्या विद्यार्थिनीनेच त्याला विरोध केला. तिचे म्हणणे असे की ते नाव एका चळवळीने मिळवलेले आहे, ते राहू द्यावे. पण 'जात' ही खूण दोन्ही कथांना द्यावी. वाड्याच्या कथेला ती द्यावी की नाही यावर अखेरपर्यंत एकमत झाले नाही. वहीत दोन्ही मते नावानिशी नोंदवली गेली.

आमचे म्हणणे सारे या प्रसंगात आले आहे. शब्दखूण ही निव्वळ सोय नाही. ती समीक्षेची पहिली पायरी आहे. एखाद्या कृतीला काय म्हणायचे हे ठरवताना आपण तिच्याविषयी मत देतो. एकट्याने ठरवले तर ते मत आहे हेही लक्षात येत नाही. चारजणांत ठरवताना ते लपवता येत नाही. म्हणून साधन कोणते हा प्रश्न आम्ही दुय्यम मानतो. खुणा सामाईक असाव्यात आणि त्यांवर वाद घालण्यास वेळ ठेवलेला असावा, या दोन अटी मात्र टाळता येत नाहीत.

मराठीच्या काही अडचणी आहेत आणि त्या नोंदवणे आवश्यक आहे. डिलिशसवर जागा सोडली की नवी खूण सुरू होई, त्यामुळे 'दलित साहित्य' असे लिहिले की त्याचे 'दलित' आणि 'साहित्य' असे दोन तुकडे पडत. 'सूचि' आणि 'सूची' या यंत्राच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'ऱ्या' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिले जाते. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण यंत्राला दिसतो. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरील युनिकोडपूर्व काळातील लेख तर त्या-त्या पत्राच्या खास फाँटमध्ये होते, ते शोधूनही सापडत नाहीत. इंटरनेट अर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली कितीतरी जुनी मराठी पुस्तके आहेत. परंतु शीर्षके रोमन लिपीत, तीही वाटेल तशा वर्णरचनेत. तेथे एखादे पुस्तक हाती लागणे हा बव्हंशी योगायोग असतो. ज्याच्या बाबतीत तो योगायोग घडला त्याने मागे खूण ठेवली नाही तर पुढच्याने पुन्हा योगायोगाचीच वाट पाहायची काय?

येथे ग्रंथपालांचे काम सुरू होते. विद्यार्थ्यांच्या मुक्त शब्दखुणा तशाच राहू द्याव्यात, आणि त्यांच्या शेजारी ग्रंथपालांनी एक प्रमाण विषयनाम द्यावे. एकाने दुसऱ्याला पुसू नये. अनेक महाविद्यालयांत आज 'कोहा' ही मुक्त प्रणाली आहे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली ही प्रणाली २००० सालापासून वापरात आहे आणि तिच्या नावाचा माओरी भाषेतील अर्थ 'भेट' असा आहे. वाचकांना तालिकेतील पुस्तकांना शब्दखुणा देता याव्यात, सार्वजनिक याद्या करता याव्यात आणि ग्रंथपालांच्या मान्यतेनंतरच खुणा दिसाव्यात, अशा सोयी तिच्यात आहेत. त्या सुरू करण्यास पैसा लागत नाही, इच्छा लागते. अर्थात ग्रंथपालांचे पदच जेथे रिकामे आहे तेथे इच्छा कोणी करायची, हा प्रश्न आम्ही विसरलेलो नाही.

दुसरा धोका साधनांच्या आयुष्याचा. विद्वानांसाठी निघालेले 'कॉनोटिया' २०१३ मध्ये बंद झाले, 'साइटयूलाइक' २०१९ मध्ये. डिलिशसचे हस्तांतर अनेकदा झाले आणि २०१७ मध्ये ते केवळ वाचण्यापुरते उरले. नंतर वाचण्यासाठी लेख साठवून ठेवणारे 'पॉकेट' जुलै २०२५ मध्ये संपले. आमच्याही एका वर्गाचे दोन सत्रांचे काम अशाच एका बंद पडलेल्या सेवेबरोबर गेले. चूक आमची होती. प्रत काढून ठेवावी हे सुचले नाही.

या ठिकाणी शं. ग. दाते यांचे स्मरण होते. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची त्यांची सूची १९४३ साली प्रसिद्ध झाली आणि १९३८ ते १९५० या काळाची १९६१ साली. तीही एका अर्थाने वाचनखुणांचीच वही होती. ती आजही उघडता येते, कारण ती ग्रंथालयात आहे. म्हणून आमची सूचना अशी की वर्गाने 'झोटेरो'सारखे मुक्त साधन वापरावे. ते २००६ पासून उपलब्ध आहे, त्यात गटाचा सामाईक संग्रह करता येतो आणि सर्व नोंदी बाहेर काढता येतात. वर्षअखेर त्या नोंदी तिपेडी टिपणांसह छापाव्यात, शिवून घ्याव्यात आणि ग्रंथालयाच्या दाखलनोंदवहीत क्रमांक देऊन फळीवर ठेवाव्यात. जुलैमध्ये द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी ती वही प्रथम वर्षाच्या हाती द्यावी.

आक्षेप पुष्कळ आहेत. गुणांसाठी केलेले काम गुण मिळताच संपते, हे खरे आहे; म्हणून आम्ही दुव्यांना नव्हे तर तीन ओळींना गुण देतो. 'नॅक'च्या समितीला दाखवण्याची आणखी एक फाइल यातून तयार होईल, हीही भीती खरी आहे. त्या फाइलला विद्यार्थ्यांच्या बोटांचे डाग पडले नाहीत तर ती बंद करावी. तिसरा आक्षेप आजचा आहे : यंत्राला विचारले की ते क्षणात सारांश देते, मग दुवे कशाला जपायचे? सारांश मिळतो हे कबूल. परंतु वाड्याच्या कथेला 'जात' ही खूण का नाही, असे त्या यंत्राने आमच्या वर्गाला आपणहून विचारले नव्हते. ते विचारणारी विद्यार्थिनी तिसऱ्या बाकावर बसली होती, आणि तिच्या नावाची नोंद आमच्याजवळ आहे.

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. म्हणजे एकत्र येऊन वाचण्याची सवय या गावाला नवी नाही. ज्या मित्रांना आपल्या विभागात हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनी लहान सुरुवात करावी. एक लेखक, एक सत्र, तीसच नोंदी पुरेशा आहेत. आमची पहिली बागूल-वही ग्रंथालयात आहे. या वर्षी कोणीतरी तिच्या समासात शिसपेन्सिलीने 'हे पटत नाही' असे लिहून ठेवले आहे. ग्रंथपालांनी ते खोडलेले नाही.